‘नुसतें आय.टी.आय.’ म्हणूं नका

(दहावीच्या निकालानंतर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील पालकांची सभा अंबरनाथ येथें भरली होती. तींत एका निवृत्त टर्नरानें केलेलें भाषण पुढें दिलें आहे.)



मी वक्ता नव्हें. चौतीस वर्षें लेथपुढें उभा राहून लोखंड कातलें. मोठ्यानें बोलण्याची संवय लागली ती यंत्रांच्या खडखडाटामुळें, विद्वत्तेमुळें नव्हे. तेव्हां माझ्या भाषेंतले खडे निवडीत बसूं नका. मतलब तेवढा घ्या.

येथें येतांना स्टेशनाबाहेर एक ओळखीची बाई भेटली. चार घरचीं धुणींभांडीं करून तिनें पोराला दहावीपर्यंत आणलें. मीं विचारलें, “काय ग आक्का, पोराचं काय ठरलं?” ती मान खालीं घालून म्हणाली, “काय ठरायचं दादा, टक्के कमी पडले. नुसतं आय.टी.आय. मिळंल म्हणत्यात.” तें ‘नुसतं’ माझ्या काळजांत कुसळासारखें रुतलें. पोराला कोणी धरून नेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता! आणि हाच मुलगा बी.ए. होऊन चार वर्षें ओट्यावर बसून राहिला असता, तरी त्या माउलीनें चारचौघींत ‘माझा पोरगा ग्रॅज्युएट’ म्हणून मान वर केली असती. आज मला बोलायचें आहे तें या एका शब्दाविषयीं.

हा शब्द तिचा नव्हे. तो तिच्या तोंडांत दुसऱ्यांनीं घातलेला आहे, आणि तो घालायला शतकें लागलीं. येथून जवळच वालधुनीच्या कांठीं शिवाचें देऊळ आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथें आहे. शिलाहार राजा मुम्मुणीचें नांव त्यांत आहे. शिवरात्रीला आपण सारे जातों, नंदीला हात लावतों, घरीं येतों. पण काळ्या दगडाच्या भिंतींना ते खांचेखोंचे ज्यांनीं पाडले, ओळंबा धरला, दोरीनें कोन साधले, तें सारें गणित मनांतल्या मनांत केलें, ते पाथरवट कोण? त्यांचीं लेंकरें पुढें कोणती विद्या शिकलीं? विचारलें काय कोणी? राजाचें नांव राहिलें, पूजेचा मान राहिला, आणि छिन्नी चालविणाऱ्याचें ‘नुसतें’ झालें. आपल्या देशांत ज्यानें कातडें कमावलें तो हलका, ज्यानें जोडा पायांत घातला तो थोर. ज्यानें मडकें घडविलें त्यानें अंगणांत उभें राहावें, आणि त्यांतलें पाणी प्यालेल्यानें ओंवळ्यासोंवळ्याचा निवाडा द्यावा! जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं ‘ब्राह्मणांचें कसब’ या नांवाचें पुस्तक काढलें. त्या कसबाला ना हत्यार लागे, ना घाम. आणि मान मात्र सारा त्यालाच. ज्या कसबांत हात फुटतात, त्याला मान कोण देणार?

जोतीराव स्वतः नुसते पुस्तकपंडित नव्हते हें आपण विसरतों. ते ठेकेदारी करीत. चुना, दगड, मिस्त्री, गवंडी यांच्यांत वावरलेला तो माणूस. म्हणूनच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना त्यांनीं जें मागितलें तें कोणा पदवीधराला सुचलें नसतें. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचीं पोरें कॉलेजांत शिकतात आणि रयतेच्या पोरांना साधी शाळा नाहीं, हें तर त्यांनीं सांगितलेंच. पण शिक्षक कसा असावा हेंहि सांगितलें. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरायला ज्याला लाज वाटणार नाहीं, असा शिक्षक त्यांना हवा होता. दीडशें वर्षें होत आलीं. मंडळी, तुमच्या मुलांच्या शाळेंत असा मास्तर किती वेळां पाहिलात, तुम्हीच आठवा.

आतां कोणी म्हणेल, मग वाद कुठें आहे? कसब शिका, संपलें! नाहीं, संपलें नाहीं. आपल्या वाडवडिलांना या ‘कसब शिका’ म्हणणाऱ्यांची भीति वाटत असे, आणि ती भीति खोटी नव्हती. एक हकीकत सांगतों. ती उल्हासनगरकरांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी.

१९४९ च्या ऑगस्टची आठवी तारीख. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून उखडून आलेले लाखाच्या घरांतले निर्वासित राहत होते. त्या दिवशीं हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, त्यांनीं नव्या शहराची कोनशिला बसविली, आणि कॅम्पाचें उल्हासनगर झालें. तेच राजाजी पुढें मद्रासचे मुख्यमंत्री झाले. १९५३ सालीं त्यांनीं खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठीं एक योजना काढली: मुलानें दिवसाचे कांहीं तास शाळेंत बसावें, आणि उरलेल्या वेळांत घरीं बापाचा धंदा शिकावा. ऐकायला किती गोड! काम आणि विद्या हातांत हात घालून! पण तामिळनाडूच्या ब्राह्मणेतर जनतेनें त्यांतलें विष ताबडतोब ओळखलें. परटाच्या मुलानें अर्धा दिवस कपडे धुवायचे, न्हाव्याच्या मुलानें वस्तरा धरायचा, आणि वकिलाच्या मुलानें? त्यानें अर्धा दिवस बापाचीं पुस्तकें वाचायचीं! पेरियार रामस्वामींच्या चळवळीनें तिला कुलशिक्षण, म्हणजे जातीचें शिक्षण, असें नांव दिलें आणि रान पेटविलें. १९५४ सालीं राजाजींना पायउतार व्हावें लागलें, कामराज आले, आणि योजना गुंडाळली गेली.

म्हणून मी आधींच सांगून टाकतों. बापाचा धंदा पोराच्या गळ्यांत पुन्हां बांधायचा, त्याला ‘कौशल्य’ म्हणायचें आणि वर टाळ्या घ्यायच्या, असलें कोणी कांहीं आणलें तर मी सगळ्यांत आधीं त्याच्या आडवा पडेन. पण बलुतें वेगळें आणि तंत्रविद्या वेगळी. बलुतें जन्मावरून ठरतें. तंत्रविद्या ज्याला हवी त्यानें निवडायची असते. बलुत्याला वर चढायला पायरीच नव्हती. तंत्रविद्येला पायरी असलीच पाहिजे; नसेल तर तेंहि बलुतेंच समजा, मग त्यावर सरकारी शिक्का कां असेना.

हा फरक बाबासाहेब आंबेडकरांनीं अचूक धरला होता. १९४२ सालीं ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मजूर खात्याचे मेंबर झाले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचें निवेदन व्हाइसरॉयला दिलें. त्यांत काय मागितलें? नुसत्या बी.ए.च्या आणि वकिलीच्या पदव्यांनीं भागणार नाहीं. सायन्स आणि तंत्रविद्येसाठीं शिष्यवृत्त्या द्या, परदेशीं पाठवा, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्यांच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या. त्यांनीं झाडू नाहीं मागितला, कातडें नाहीं मागितलें. जो धंदा जातीनें कधीं करूं दिला नव्हता तो मागितला. यंत्राला जात नसते म्हणतात. पण माणसें ती त्याला चिकटवितात, हेंहि ते जाणून होते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यांत पगार चांगला, आणि तेथेंच अस्पृश्याला मज्जाव! कारण काय, तर कांडीचा धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, त्याचा विटाळ होईल. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरणींत मनुस्मृति अशी बसली होती.

आणि आपल्या आय.टी.आय.चा जन्म कोठें झाला, ठाऊक आहे? त्याच मजूर खात्यांत. महायुद्धाच्या दिवसांत कारखान्यांना कारागीर पुरेनात, म्हणून त्या खात्यानें शिक्षणाचे वर्ग उघडले. १९४५ सालीं लढाईवरून परत येणाऱ्या शिपायांना पोटाला लावण्यासाठीं वेगळें खातें झालें. फाळणी झाली तेव्हां त्याच वर्गांत निर्वासितांना घेऊं लागले. १९५० पासून ती कारागीर प्रशिक्षण योजना सर्वांना खुली झाली, आणि १९५६ सालीं या संस्थांचा कारभार राज्यांकडे आला. म्हणजे पाहा, आधीं शिपाई, मग निर्वासित, मग तुम्हीआम्ही. आपलें उल्हासनगर तरी काय? आधीं शिपायांची छावणी, मग निर्वासितांची, आणि आज साऱ्यांचें गांव. त्या सिंधी लोकांकडून एक गोष्ट आपण शिकायला पाहिजे होती. मागें घरेंदारें, पेढ्या सोडून आलेले ते लोक. त्यांनीं बराकींत पापड लाटले, शिवणाचीं यंत्रें घातलीं, लाकूडसामान केलें, पुढें जीन्सच्या पँटी शिवून साऱ्या देशांत पाठविल्या. ‘आमच्या जातीला हें शोभत नाहीं’ म्हणत बसले असते तर उपाशी मेले असते.

माझी स्वतःची गोष्ट थोडी सांगतों; सभेच्या कामाची आहे म्हणूनच.

मी जातीनें सुतार. वडील मुरबाडकडून पोटामागें येथें आले. १९७६ सालीं मी दहावी झालों. दाखला घ्यायला गेलों तेव्हां शाळेंतल्या एका गुरुजींनीं माझी जात आधीं पाहिली आणि गुण मागाहून पाहिले. म्हणाले, “सुताराचा ना तूं? मग कार्पेंटरचा ट्रेड घे. रक्तांतच आहे तुझ्या.” माझ्यामागें चर्मकाराचा मुलगा उभा होता, माझा मित्र. त्याला म्हणाले, “तूं चामड्याचं कांहीं शीक.” गुरुजी दुष्ट नव्हते बरें का. त्यांना वाटत होतें कीं आपण पोरांचें भलें करतों आहों. यालाच मी म्हणतों शाळेंत बसलेली मनुस्मृति. ती शेंडी ठेवीत नाहीं, म्हणून ओळखूं येत नाहीं.

सुतारकामाला मी कमी लेखीत नाहीं. बापाचा वाकस आजही माझ्या घरीं भिंतीला टांगलेला आहे. पण मला लोखंड हवें होतें. मीं टर्नरचा ट्रेड घेतला. मित्रानें इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा घेतला, आणि पुढें एका रासायनिक कारखान्यांत, ज्या प्रेशरच्या कांट्यावर साऱ्या पाळीचा जीव टांगलेला असतो, तो कांटा खरें बोलतो कीं खोटें, हें सांगणारा तो एकटा माणूस झाला. साहेब लोक त्याच्या मान हलविण्याची वाट पाहत.

आय.टी.आय.त पहिल्या दिवशीं निदेशकांनीं हातांत व्हर्नियर दिलें. मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारें हत्यार! पुढें मायक्रोमीटर आलें, तें शंभर भाग करतें. दहावीच्या गणितांत साइन, कॉस, टॅन मीं पोपटासारखें पाठ केलें होतें. कशाला, तें मास्तरांनाही सांगतां आलें नसतें. तो टॅन मला लेथवर भेटला. निमुळता जॉब कातायचा होता. एका टोकाचा व्यास एवढा, दुसऱ्या टोकाचा तेवढा, लांबी इतकी. मग स्लाइड किती अंश फिरवायची? निदेशकांनीं फळ्यावर कोष्टक काढलें आणि माझ्या डोक्यांत लख्ख उजेड पडला. जें दहा वर्षांच्या घोकंपट्टीनें झालें नाहीं तें एका दुपारीं झालें. हात शिकला तेव्हां डोकें शिकलें. हात आणि डोकें यांची फारकत ज्यानें केली, त्यानें दोघांचाही घात केला!

पण सगळें गोड नव्हतें. उमेदवारीचें वर्ष मीं एका कारखान्यांत काढलें. नांव घेत नाहीं. पहिले तीन महिने मीं चहा आणला, लोखंडाचा कीस झाडला आणि साहेबाची स्कूटर पुसली. कागदोपत्रीं मी ‘प्रशिक्षण’ घेत होतों. एक म्हातारे उस्ताद होते. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें, पण आवाजावरून टूल बोथट झालें कीं नाहीं हें सांगत. जेवणाच्या सुटींत ते आपला डबा अर्धा टाकून मला मशीनवर उभें करीत. ते नसते तर त्या वर्षांत मी झाडूवाल्याचा ट्रेड शिकून बाहेर पडलों असतों. कारखानदारांना उमेदवार हवा असतो तो शिकविण्यासाठीं कीं स्वस्तांत राबविण्यासाठीं, हा प्रश्न तेव्हांही होता आणि आजही आहे.

म्हणून आईबापांनो, हें नीट ऐका. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेनें शेंकडा अडीच ते पंधरा इतके उमेदवार घेतलेच पाहिजेत. त्याच वेळीं विद्यावेतनाचें किमान मान ठरलें: दहावीवाल्यास महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. झालेल्यास ७,०००. करार लेखी होतो आणि नोंदला जातो. तो वाचल्याशिवाय पोराला सही करूं देऊं नका. काम करतां करतां इजा झाली तर भरपाईचा हक्क उमेदवारालाही आहे. ‘उमेदवार म्हणजे आमचा नोकर नव्हे, आमचा कांहीं संबंध नाहीं’ असें कोणी सांगूं लागला तर तो तुम्हांला अडाणी समजतो आहे.

आतां गांवाकडे पाहूं. अंबरनाथचें नांव कारखान्यांनीं झालें. १९१९ सालीं स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीनें येथें गंधकाचें आम्ल आणि खत केलें. विमकोनें आगपेट्या केल्या. तो कारखाना गेला, नाक्याला नांव तेवढें राहिलें. सरकारी आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांत आपल्या किती घरांच्या चुली पेटल्या; २०२१ च्या ऑक्टोबरपासून त्यांचा कारभार सरकारी कंपन्यांकडे गेला. औद्योगिक वसाहती वाढल्या, बदलापुरांतही आल्या, पण कायमची नोकरी आटली आणि ठेकेदार आला. हें मी लपवीत नाहीं. आय.टी.आय.चा कागद हातीं आला कीं नोकरी दाराशीं चालत येते, असें सांगणारा खोटें बोलतो. मी एवढेंच म्हणतों कीं, ज्याच्या हातीं कसब आहे त्याला ठेकेदाराशीं बोलतांना एक तरी पान हातांत असतें. ज्याच्या हातीं कांहीं नाहीं त्यानें फक्त हात जोडायचे.

आणि या भागांत तर हा पोटाचाच नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. शेजारीं डोंबिवलीला २०१६ च्या मे महिन्यांत स्फोट झाला, माणसें मेलीं. २०२४ च्या मे महिन्यांत पुन्हां झाला, पुन्हां मेलीं. रासायनिक कारखान्यांत काल गांवाहून आलेल्या, कांहीं न शिकविलेल्या पोराला वाल्वपुढें उभें करणें म्हणजे आंधळ्याच्या हातीं मशाल देऊन त्याला गवताच्या गंजींत सोडणें. आम्ल पाण्यांत हळूहळू ओतायचें असतें, पाणी आम्लांत ओतायचें नसतें. ओतलें तर तें उसळून अंगावर येतें. हें एक वाक्य ठाऊक नसल्यामुळें डोळे जातात! केमिकल प्लँट चालविणाऱ्या अटेंडंट-ऑपरेटरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यांत पंप, वाल्व, दाब, उष्णता, गळती झाली तर आधीं काय बंद करायचें, हें शिकवितात. मालकाची चूक कामगाराच्या शिक्षणानें धुतली जात नाहीं, हें मी स्वच्छ सांगतों. पण शिकलेला ऑपरेटर ‘हा दाब धोक्याचा आहे, मी वाल्व उघडणार नाहीं’ असें म्हणूं शकतो. न शिकलेल्याला आपण मरायला उभे आहों हेंच कळत नाहीं.

एक गृहस्थ परवां माझ्याकडे आले. मुरबाडची अर्धा एकर जमीन विकून मुलाला खासगी इंजिनिअरिंगला घालायचें म्हणत होते. मीं विचारलें, मुलाला काय हवें? ते म्हणाले, त्याला काय विचारायचें! मुलगा घरीं पंखे, मिक्सर उघडून दुरुस्त करतो; पुस्तक पाहिलें कीं झोंपतो. अशा मुलाला आधीं इलेक्ट्रिशियन करा. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला कीं त्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो, आणि डिप्लोमा झाला कीं पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत. तो इंजिनिअर होईलच, आणि तारेला हात लावायला भिणार नाहीं असा होईल. जमीनही राहील. हीच ती पायरी, जी बलुत्याला नव्हती. पण ही पायरी शाळेंत कोणी सांगत नाहीं. कां सांगत नाहीं? टक्के कमी म्हणजे आय.टी.आय., टक्के जास्त म्हणजे कॉलेज, ही चाळणी ज्यांच्या हातांत आहे त्यांना ती सोयीची आहे. नापासांचा कोंडवाडा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचें, तेथें जिना आहे म्हणून सांगायचें तरी कसें?

सरकारी कागद मात्र सुंदर आहेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानें ठरविलें कीं अकरावी-बारावीचे शेंकडा दहा विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळवायचे. तीं सालें आलीं आणि गेलीं, विद्यार्थी वळले नाहींत. २०२० च्या धोरणानें बाराव्या योजनेचा अंदाज दिला आहे: १९ ते २४ वयाच्या आपल्या कामकऱ्यांपैकीं रीतसर धंदेशिक्षण घेतलेले शेंकडा पांचसुद्धां नाहींत, अमेरिकेंत ५२, जर्मनींत ७५, दक्षिण कोरियांत ९६. आतां कोणी म्हणेल जर्मन लोक हुशार! हुशार नव्हेत. तेथें सुताराला ‘नुसता’ म्हणत नाहींत, एवढाच फरक. जो पुढारी व्यासपीठावरून कौशल्याचे गोडवे गाईल त्याला तुम्ही हात वर करून एकच प्रश्न विचारा: साहेब, तुमचा मुलगा कोणत्या ट्रेडला आहे? त्यानें उत्तर दिलें तर त्याच्या गळ्यांत हार घाला.

भाषेचीही एक गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं बडोद्यास कलाभवन काढलें, आणि त्रिभुवनदास गज्जरांनीं तेथें देशी भाषांतून रंगविद्या, यंत्रविद्या शिकविण्याचा हट्ट धरला. दादासाहेब फाळके तेथें शिकले. त्र्यंबकेश्वरच्या भिक्षुकी घराण्यांतला तो माणूस हातानें यंत्र हाताळायला शिकला आणि हिंदुस्थानाला सिनेमा देऊन गेला; कोणी त्यांना ‘नुसते फाळके’ म्हटलें नाहीं! इंग्रजी शिका, जरूर शिका. ड्रॉइंगवरचे शब्द वाचतां आलेच पाहिजेत. पण इंग्रजीच्या भीतीनें कोणी मागें राहूं नका. कारखान्याची मराठी आपणच घडविली आहे, तींत चक आहे, टूल आहे, जॉब आहे, आणि ती कोणाच्या बापाची नाहीं.

मुलींच्या आयांना दोन शब्द. सरकारी आय.टी.आय.त मुलींसाठीं जागा राखीव आहेत. शिवणकाम घेतलें तर वाईट नाहीं. उल्हासनगरांत त्याला भाकरी आहे, आणि कापड कापण्याचा नमुना काढणें ही मोठी विद्या आहे. पण मुलगी म्हणून तेंच घे, असें म्हणूं नका. तें माझ्या गुरुजींचें बोलणें झालें. आमच्या चाळींतल्या एका पोरीनें वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हां तिची आई रडली. आज चाळींतला फ्यूज गेला कीं सारे पुरुष तिच्या दाराशीं उभे असतात.

आतां वेळ फार झाला. अध्यक्ष महाराज घड्याळ पाहत आहेत. ऑनलाइन अर्ज भरायला ज्यांना मदत हवी त्यांनीं दहावीचें गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार घेऊन उजवीकडच्या टेबलापाशीं थांबावें. दोन मुलें तेथें संगणक घेऊन बसलीं आहेत, पैसे कोणीही देऊं नयेत. ट्रेडची पसंती घरीं ठरवून आला असलात तरी येथें मुलाला एकदां विचारून मगच भरा. आणि पोरापोरींनो, माझ्या पिशवींत माझें जुनें व्हर्नियर आहे. पुढें या, आपापल्या पेनाची जाडी मोजून पाहा. ज्याचें माप दोनदां सारखें येईल त्यानें मला सांगावें.